वाचक विचारतात : 'जे. जे.' आणि त्यांच्या दानाचा हिशेब

मुंबईतलं जे. जे. रुग्णालय, जे. जे. कला महाविद्यालय, माहीमचा कॉजवे, भुलेश्वरचा पांजरापोळ (बेवारस जनावरांचा आसरा), पुण्याचा बंड म्हणजे नदीवरचा बंधारा. या सगळ्यांमागे एकाच घरचा पैसा आहे : सर जमशेटजी जीजीभाई (१७८३–१८५९) यांचा. या महिन्यातले प्रश्न त्यांच्याविषयी आहेत. पैसा आला कुठून आणि तो देताना अटी काय घातल्या, हे बहुतेकांनी विचारलं आहे. म्हणून उत्तरांतही तिथेच जास्त थांबलो आहोत.

प्रश्न : जमशेटजींचा पैसा अफूचा होता असं एका ठिकाणी वाचलं, दुसऱ्या ठिकाणी कापसाचा. खरं काय? आणि अफूचा धंदा तेव्हा कायदेशीर होता का? (एक वाचक, सोलापूर)

दोन्हींचा. सुरुवात कापसाची, पुढची मोठी वाढ अफूची.

आईवडील १७९९ मध्ये गेले तेव्हा जमशेटजी सोळा वर्षांचे होते. मामा फ्रामजी नसरवानजी बाटलीवाला यांच्या आधाराने ते व्यापारात शिरले. मामांचा धंदा रिकाम्या बाटल्यांचा. १८०३ मध्ये मामांचीच मुलगी आवाबाई यांच्याशी त्यांचं लग्न झालं. तरुणपणी त्यांनी चीनच्या पाच सफरी केल्या. १८०५ मध्ये ते 'ब्रन्सविक' जहाजावर असताना फ्रेंचांनी ते पकडलं आणि आफ्रिकेच्या टोकाला केपकडे नेलं. त्या जहाजावर विल्यम जार्डिन नावाचा तरुण सर्जन होता. हाच जार्डिन पुढे चीनच्या कँटन बंदरातल्या 'जार्डिन मॅथेसन' पेढीचा मालक झाला. जमशेटजींचा चीनकडचा बहुतेक माल नंतर याच पेढीमार्फत विकला गेला. १८०७ नंतर ते स्वतः चीनला गेले नाहीत. मुंबईत बसून माल पाठवायचा, जहाजं घ्यायची, विम्यात भाग ठेवायचा, अशी त्यांची पद्धत झाली. १८१४ मध्ये त्यांनी 'गुड सक्सेस' हे जहाज घेतलं.

आता अफू. बिहारकडच्या अफूवर ईस्ट इंडिया कंपनीची मक्तेदारी होती. माळव्याची अफू मात्र शिंदे, होळकर वगैरे संस्थानांच्या मुलखात पिकायची आणि तिथे कंपनीचा हात पुरता पोचत नव्हता. इंदूर, उज्जैन, मंदसौरच्या बाजूचा हा माल आधी चोरवाटेने दमणला जायचा. दमण पोर्तुगीजांचं, त्यामुळे तिथे कंपनीचं चालत नसे. माल अडवणं जमेना तेव्हा १८३० पासून कंपनीने परवाने सुरू केले : पेटीमागे १७५ रुपये भरा आणि मुंबई बंदरातून उघडपणे न्या. एका पेटीत साधारण ६० ते ६५ किलो माल असे. १७५ रुपये जास्त ठरले, व्यापारी पुन्हा दमणकडे वळू लागले, म्हणून १८३५ मध्ये दर १२५ वर आला. १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध जिंकला आणि कराचीकडून दमणला जाणारी वाटही बंद झाली. मग दर चढत गेला आणि १८४७ मध्ये ४०० झाला. पळवाट उरली नाही की कर वाढतो, हे या आकड्यांत स्वच्छ दिसतं.

म्हणजे मुंबईत हा धंदा कायदेशीर होता आणि सरकार त्यावर कर घेत होतं. चीनमध्ये मात्र अफूला बादशाही बंदी होती. जहाजं कँटनच्या खाली लिंटिन बेटापाशी नांगर टाकायची, माल तिथे उतरायचा आणि लहान होड्यांतून चोरून आत जायचा. बदल्यात चांदी मिळायची. ती कँटनमधल्या कंपनीच्या खजिन्यात भरायची आणि लंडन किंवा कलकत्त्यावरच्या हुंड्या घ्यायच्या. त्याच चांदीतून कंपनी चहा विकत घेई.

या धंद्यात बुडण्याची जागा ठरलेली होती. माल मुंबईतून निघतो तेव्हाचा भाव आणि कँटनला पोचतो तेव्हाचा भाव यांत महिन्यांचं अंतर असे. १८३९ मध्ये लिन झेशू या चिनी आयुक्ताने २०,२८३ पेट्या जप्त करून हूमेनला नष्ट केल्या. इंग्रज अधिकारी चार्ल्स एलियटने व्यापाऱ्यांना भरपाईचा शब्द दिला होता. पण अफूयुद्ध होऊन १८४२ चा नानकिंगचा तह होईपर्यंत पैसे अडकले, आणि मिळाले ते मूळ किमतीच्या मानाने थोडे. मुंबईचे कितीतरी लहान व्यापारी त्यात बुडाले. जमशेटजी तगले, कारण त्यांची गुंतवणूक जहाजं, कापूस आणि विमा यांतही पसरलेली होती.

प्रश्न : मग हे दान म्हणजे अफूचा पैसा धुऊन काढणंच नाही का? (एक वाचक, औरंगाबाद)

पैसा कुठून आला हे लपवून जमशेटजींचं चरित्र लिहू नये, असं आमचं ठाम मत आहे. चीनमध्ये त्या पेट्यांनी जी घरं मोडली, त्यांच्यासाठी एकही रुग्णालय या पैशातून उभं राहिलं नाही. ही गोष्ट त्यांच्या नावाच्या प्रत्येक संस्थेत सांगितली गेली पाहिजे.

तरीही 'धुऊन काढणं' हा शब्द काळाशी जुळत नाही. त्यांच्या दानाची पहिली ठळक नोंद १८२२ ची आहे. देणं फेडता न आल्यामुळे मुंबईच्या दिवाणी तुरुंगात अडकलेल्या गरिबांचं कर्ज त्यांनी भरलं आणि माणसं सोडवली. तेव्हा मुंबईच्या व्यापारात अफूवरून कोणी कोणाला नावं ठेवत नव्हतं, त्यामुळे अब्रू सावरायची गरजही नव्हती. आयुष्यभराच्या दानाचा आकडा इंग्रजी चरित्रकोशांत २,३०,००० पौंडांहून अधिक दिला आहे. त्या काळच्या दराने तेवीस लाख रुपये. अफूची वही आणि दानाची वही, दोन्ही खऱ्या आहेत, आणि एकीच्या आधाराने दुसरी खोटी ठरवता येत नाही.

प्रश्न : या व्यापारात गोव्याचे कोणी होते का? (एक वाचक, पणजी)

होते, आणि मोठ्या जागी होते. रोजेरिओ द फारिया हे गोमंतकीय व्यापारी जमशेटजींचे भागीदार होते. दमणमार्गे माळव्याची अफू चीनला पाठवणाऱ्या पहिल्या फळीतले ते. पोर्तुगीज बंदरातल्या ओळखीपाळखी हे त्यांचं खरं भांडवल. शिवाय जैन व्यापारी मोतीचंद अमीचंद आणि कोकणी मुसलमान महंमद अली रोगे हेही भागीदार होते. पारशी, जैन, कोकणी मुसलमान आणि गोव्याचा ख्रिस्ती, अशी ती जोडणी. प्रत्येकाकडे वेगळ्या बंदराचा किंवा बाजाराचा वट होता. फारिया पुढे मात्र दिवाळखोरीत गेले.

प्रश्न : जे. जे. रुग्णालय त्यांनी एकट्याने बांधलं का? (निवृत्त परिचारिका, अलिबाग)

नाही, आणि एकट्याने बांधायचंच नाही असं त्यांनी ठरवलं होतं. १८३८ मध्ये त्यांनी एक लाख रुपये देऊ केले. अट अशी, की कंपनी सरकारने तितकीच भर घालावी आणि रुग्णालय चालवण्याची जबाबदारी घ्यावी. पुढे काम वाढलं तशी त्यांनी आपली रक्कमही वाढवली. ३ जानेवारी १८४३ ला पायाभरणी झाली आणि मे १८४५ मध्ये रुग्णालय सुरू झालं. गव्हर्नर रॉबर्ट ग्रँट यांच्या स्मरणार्थ निघालेलं ग्रँट मेडिकल कॉलेज त्याच वर्षी शेजारी उभं राहिलं. म्हणजे शिकणाऱ्यांना रुग्ण मिळाले आणि रुग्णांना डॉक्टर. १८५१ मध्ये तिथून पदवी घेऊन बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत डॉ. भाऊ दाजी लाड होते.

या अटीतली मेख तुमच्यासारख्या रुग्णालयात काम केलेल्या माणसाला लगेच कळेल. इमारत एकदा बांधून होते. औषधं, पगार, खाटा, धुलाई यांचा खर्च दरमहा उभा राहतो आणि कधी संपत नाही. दात्याने सगळा पैसा दगडविटांत घातला की पाचव्या-सहाव्या वर्षी वॉर्ड बंद पडू लागतात. जमशेटजींनी इमारतीत वाटा उचलला आणि चालू खर्चाला सरकार बांधून घेतलं. म्हणून पिढ्या आणि राज्यकर्ते बदलले तरी रुग्णालय चालू राहिलं.

प्रश्न : माहीम कॉजवेवर टोल घेऊ नये अशी अट होती, हे खरं? (एक वाचक, वांद्रे)

हो. आणि ते दान आवाबाईंचं, म्हणून रस्त्याला 'लेडी जमशेटजी' हे नाव आहे. माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये खाडी आणि दलदल होती आणि माणसं होडीने जात-येत. १८४१ मध्ये तिथे होड्या उलटून मोठा अपघात झाला. कंपनी सरकार खर्च करायला तयार होईना, तेव्हा आवाबाईंनी पैसे दिले. आधीचा अंदाज एक लाखाचा. शेवटी खर्च गेला सुमारे १,५७,००० वर आणि वरची रक्कमही त्यांनीच घातली. खाडीतल्या भरावात असं होतंच : चिखल खाली दबत जातो, आज टाकलेला दगड भरतीच्या दोन-चार फेऱ्यांत खचतो आणि त्याच जागी पुन्हा भर घालावी लागते. एप्रिल १८४५ मध्ये रस्ता खुला झाला.

टोल न घेण्याची अट रस्ता होण्याआधी घातली, हे महत्त्वाचं. रस्ता सरकारच्या ताब्यात गेल्यावर दात्याच्या विनंतीला कोण विचारतं? पैसे हातात असतानाच अट लिहून घ्यायची, हे त्या घराला पक्कं ठाऊक होतं.

प्रश्न : आमच्या बंड गार्डनचा 'बंड' त्यांचाच ना? (एक वाचक, पुणे)

हो. मुळा-मुठेवरचा तो बंधारा १८५० च्या सुमारास पुरा झाला आणि निम्म्याहून अधिक खर्च जमशेटजींनी दिला. अडवलेलं पाणी पंपाने चढवून कॅम्पकडे पुरवलं जाई. १८७० च्या दशकात खडकवासल्याचं धरण झालं आणि बंधाऱ्याचं ते काम हलकं झालं. शेजारचा फिट्झजेराल्ड पूल नंतरचा, १८६९ चा. त्याचा जमशेटजींच्या देणगीशी संबंध नाही. बरेच जण दोन्हींची गल्लत करतात.

प्रश्न : अफू-कापसाच्या व्यापाऱ्याला कलाशाळा काढावीशी का वाटली? आणि जे. जे.त जे शिकवलं गेलं ते त्यांना हवं होतं तेच का? (कलाशिक्षक, कोल्हापूर)

या प्रश्नाचं उत्तर दोन भागांत द्यावं लागेल. पहिल्या भागाचं उत्तर सरळ आहे, दुसऱ्याचं नाही.

१८५१ मध्ये लंडनला मोठं औद्योगिक प्रदर्शन भरलं. तिथे हिंदुस्तानच्या विणकामाला, धातुकामाला, लाकडी कोरीवकामाला वाखाणणी मिळाली. पण बाजार मात्र यंत्राच्या मालाने भरत चालला होता आणि कारागीर मागे पडत होते. १८५३ मध्ये जमशेटजींनी कलाशाळेसाठी एक लाख रुपये देऊ केले ते या पार्श्वभूमीवर. त्यांच्या प्रस्तावात रेखन आणि रंगकामाबरोबर नक्षी, शोभेची मातीची भांडी, धातू आणि लाकडावरचं कोरीवकाम असे विषय आहेत. भिंतीवर टांगायच्या चित्रांपेक्षा हाताला काम देणारं शिक्षण त्यांना हवं होतं. शाळेच्या मूळ नावातही कलेबरोबर 'इंडस्ट्री' होती.

शाळा मार्च १८५७ मध्ये सुरू झाली, तीही स्वतःच्या इमारतीत नव्हे. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये चित्रकलेचा एक वर्ग, एवढाच तो पसारा. देऊ केल्यापासून वर्ग भरेपर्यंत चार वर्षं गेली, यावरून कंपनी सरकारची गती कळते. एक लाखाचं गणितही पाहा. शेकडा चार टक्के व्याजाच्या सरकारी कागदात ते ठेवले तर वर्षाला चार हजार, महिन्याला ३३३ रुपये. त्यात परदेशातून शिक्षक आणायचा, साहित्य आणायचं, जागा बघायची. इतक्यात ऐसपैस कलाशाळा चालणं अवघडच. रुग्णालयाच्या वेळी चालू खर्च सरकारच्या गळ्यात बांधला गेला होता, इथे ती गाठ सुरुवातीला सैल राहिली. १८६६ मध्ये शाळा सरकारने आपल्या हाती घेतली आणि मगच ती खरी उभी राहिली.

त्याच सुमारास तीन शिक्षक आणि त्यांच्या तीन कार्यशाळा सुरू झाल्या : जॉन ग्रिफिथ्स यांची शोभेच्या चित्रणाची, लॉकवुड किपलिंग यांची वास्तूवरच्या शिल्पकामाची आणि हिगिन्स यांची धातुकामाची. हा काळ जमशेटजींच्या कल्पनेच्या सगळ्यांत जवळचा. क्रॉफर्ड मार्केटच्या दर्शनी भागावरची शिल्पं किपलिंग यांच्या आराखड्यावरून झाली. आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या दगडी कोरीवकामात शाळेच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. तिथल्या कमानीखाली उभं राहून वर पाहा : पानांच्या गुंत्यात बसलेले पक्षी, प्राणी, एकसारखं एकही पान नाही. छापील नमुन्यावरून असं काम होत नाही, झाडासमोर बसून रेखन केलेल्या हाताचं ते काम आहे.

ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेऊन भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करून घेतल्या. त्यांतल्या पुष्कळशा लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमध्ये १८८५ च्या आगीत जळाल्या. त्याआधी कॅप्टन गिल यांच्या प्रतिकृतीही १८६६ मध्ये लंडनलाच जळाल्या होत्या. अजिंठ्याच्या भिंतींवरचा रंग तेव्हापासून आणखी झडला आहे, त्यामुळे जळलेल्या कापडांबरोबर नेमकं काय गेलं हे आता कोणालाच कळणार नाही. हे नुकसान आम्हाला फार मोठं वाटतं.

आता दुसरा भाग. ज्यांच्यासाठी शाळा काढली ते परंपरागत कारागीर, म्हणजे सुतार, तांबट, सोनार, कुंभार, फारसे आलेच नाहीत. कारण उघड आहे. कारागिराचा मुलगा दहाव्या-बाराव्या वर्षी बापाच्या हाताखाली कमवायला लागतो. त्याने काही वर्षं कमाई सोडून मुंबईत राहायचं, इंग्रजीतून शिकायचं, आणि परत येऊन तेच भांडं घडवायचं? आले ते लिहित्या-वाचत्या घरांतले मुलगे. त्यांना ड्रॉइंग मास्तरची नोकरी किंवा सरकारी नकाशाखात्यातली जागा हवी होती. मग शिकवणंही त्या बाजूला झुकलं : प्लास्टरचे ग्रीक पुतळे समोर ठेवून छायाप्रकाश, यथार्थदर्शन, परीक्षा, प्रमाणपत्र. तुमच्या शाळेतली मुलं आज एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटला बसतात, त्या ग्रेड परीक्षांची मुळं याच पद्धतीत आहेत. १८९१ मध्ये रे आर्ट वर्कशॉप्स काढून कारागिरी परत आणायचा प्रयत्न झाला. याचाच अर्थ मधल्या तीस-पस्तीस वर्षांत ती निसटली होती.

पण हाच वळलेला प्रवाह महाराष्ट्राच्या चित्रकलेला फळला. तुमच्या कोल्हापूरचे आबालाल रहिमान इथेच शिकले. कोल्हापूरचेच महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० मध्ये विद्यार्थी म्हणून आले आणि पुढे याच शाळेचे प्रमुख झाले. गणपतराव म्हात्रे यांनी 'मंदिरपथगामिनी' हे शिल्प १८९६ मध्ये विद्यार्थिदशेत घडवलं. जमशेटजींनी कारागिरांसाठी पैसा दिला आणि त्यातून चित्रकार-शिल्पकारांची पिढी निघाली. कारागिरांचा प्रश्न मात्र सुटला नाही, तो अजून तसाच आहे.

प्रश्न : पांजरापोळाचा खर्च इतकी वर्षं कसा भागत आला? (एक वाचक, ठाणे)

१८३२ मध्ये भटकी कुत्री मारण्याच्या हुकमावरून मुंबईत पारशांनी दंगा केला. त्यानंतर १८३४ मध्ये जमशेटजी आणि अमीचंद शहा यांनी भुलेश्वरला पांजरापोळ काढला. सुरुवातीची रक्कम दात्यांची. कायमच्या उत्पन्नासाठी व्यापाऱ्यांनी आपल्या मालावर 'लागा' बसवून घेतला : कापूस, अफू, साखर अशा मालाच्या व्यवहारामागे ठरावीक लहानशी रक्कम. एकेका व्यापाऱ्याला ती जाणवायची नाही, पण बाजार चालला की पांजरापोळ चालायचा. यातला धोका असा, की तो विशिष्ट माल बाजारातून उठला की उत्पन्नही उठतं. म्हणून अशा संस्था मिळेल तेव्हा जागा आणि इमारती घेऊन भाडं उभं करतात.

प्रश्न : आमच्या घरात १८९० चा एक कागद आहे. त्यावर 'सर जमशेटजी जीजीभाई' अशी सही आहे. ते तर १८५९ मध्ये वारले. कागद बनावट आहे का? (एक वाचक, नाशिक)

केवळ सहीवरून बनावट म्हणू नका. जमशेटजींना १८४२ मध्ये नाइट आणि १८५७ मध्ये बॅरोनेट करण्यात आलं. दोन्ही मान मिळालेले ते पहिले हिंदी गृहस्थ. बॅरोनेटचा किताब वंशपरंपरेने चालतो आणि त्या इतमामासाठी उत्पन्न दाखवावं लागतं. म्हणून त्यांनी पंचवीस लाखांचे सरकारी रोखे आणि माझगावचा वाडा किताबाला जोडून दिला. १८६० मध्ये खास कायदा झाला. त्यानुसार जो वारस बॅरोनेट होईल त्याने स्वतःचं नाव सोडून 'जमशेटजी जीजीभाई' हेच नाव घ्यायचं.

म्हणून साल पाहून माणूस ओळखा. १८५९ ते १८७७ दुसरे बॅरोनेट, मूळ नाव करसेटजी. १८७७ ते १८९८ तिसरे, मूळ नाव माणेकजी. १८९८ ते १९०८ चौथे, १९०८ ते १९३१ पाचवे. तुमचा कागद तिसऱ्यांच्या काळातला आहे. कागदावर साल नसेल तर किताब पाहा. नावामागे 'सर' नसेल तर तो १८४२ पूर्वीचा असण्याचा संभव. 'नाइट' असेल तर १८४२ ते १८५७. 'बॅरोनेट' किंवा त्याचं लघुरूप 'बार्ट.' असेल तर त्यानंतरचा, आणि मग सहीची तुलना करावी लागेल. कागदाला सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. आम्लरहित कागदाच्या पाकिटात सपाट ठेवा.

प्रश्न : जहांगीर आर्ट गॅलरीही यांचीच का? (एक वाचक, डोंबिवली)

नाही. ती सर कावसजी जहांगीर यांनी मुलाच्या स्मरणार्थ दिलेल्या देणगीतून १९५२ मध्ये उभी राहिली. घराणं वेगळं, शतकही वेगळं.

प्रश्न : आमच्या वडिलांच्या नावाने कलाशाखेच्या गरजू विद्यार्थ्यांना दरवर्षी शिष्यवृत्ती द्यायची आहे. घरात मिळून दहा लाख जमले आहेत. ट्रस्ट काढावा का? जमशेटजींसारखं टिकेल असं कसं करावं? (दोघे भाऊबहीण, सांगली)

दहा लाखांसाठी स्वतंत्र ट्रस्ट काढू नका. ट्रस्ट म्हणजे धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, दरवर्षी लेखापरीक्षण आणि विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज. उद्या ट्रस्टची स्थावर मिळकत विकायची झाली तर आयुक्तांची पूर्वपरवानगी. हे अर्ज राहून गेले की वीस वर्षांनी कागदोपत्री विश्वस्त सगळे दिवंगत आणि बँकेत सही करायला कोणी नाही, अशी अवस्था होते. महाराष्ट्रात असे अडकलेले ट्रस्ट गावोगाव आहेत.

त्यापेक्षा चालू असलेल्या, नोंदणीकृत कलासंस्थेकडे वडिलांच्या नावाचा कायम निधी ठेवा. चेक देण्याआधी संस्थेच्या ठरावासह हे लिहून घ्या : मुद्दल खर्च करायचं नाही, ते वेगळ्या मुदत ठेवीत राहील आणि ताळेबंदात वेगळं दिसेल, व्याज फक्त शिष्यवृत्तीला, निवड कोण करणार, दरवर्षी कोणत्या महिन्यात तुम्हाला हिशेब मिळणार, संस्था बंद पडली तर निधी कुठे जाणार. देणगीच्या पत्रातच 'ही रक्कम कायम निधीसाठी' असे शब्द हवेत, नाहीतर ती साध्या उत्पन्नात धरली जाते.

आता रक्कम. सात टक्के व्याज धरलं तर दहा लाखांवर वर्षाला ७०,००० येतील. सगळे वाटलेत तर मुद्दल दहा लाखच राहील आणि महागाई त्याला पोखरत जाईल. जमशेटजींच्या लाखाचे वर्षाला चार हजार आज एका विद्यार्थ्याच्या रंग-कॅनव्हासलाही पुरणार नाहीत. महागाई पाच टक्के धरली तर मुद्दलाची ताकद राखायला ५०,००० परत मुद्दलात घालावे लागतात आणि वाटायला उरतात २०,०००. इतकं कमी नको वाटलं तर मधला मार्ग घ्या : ४०,००० वाटा, ३०,००० मुद्दलात घाला आणि घरच्या माणसांनी दरवर्षी जमेल तशी भर टाका. शिष्यवृत्ती एकच असो, पण विद्यार्थ्याचा साहित्यखर्च खरोखर निघेल एवढी असो. पाच-पाच हजारांच्या आठ देण्यापेक्षा एका मुलाला वर्षभराचे रंग, माती, कागद मिळणं जास्त उपयोगी.

आणि अटी फार अरुंद करू नका. 'अमुक गावचा, अमुक समाजाचा, पेन्सिल रेखनात पहिला' असं लिहिलंत की काही वर्षांनी पात्र विद्यार्थीच सापडत नाही. निधी पडून राहतो आणि हेतू बदलायला न्यायालयाची पायरी चढावी लागते. 'कलाशिक्षण घेणारा, आर्थिक गरज असलेला' एवढं पुरे. प्राधान्यक्रम वेगळा लिहा आणि पात्र कोणी न मिळाल्यास काय, तेही लिहा.

प्रश्न : जमशेटजींचे मूळ कागद कुठे पाहता येतात? एम. ए.च्या प्रबंधासाठी हवे आहेत. (विद्यार्थिनी, मुंबई)

त्यांच्या पेढीच्या पत्रांच्या वह्या मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. पलीकडची बाजू, म्हणजे जार्डिन मॅथेसनचा दप्तरखाना, केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. मार्गदर्शकाचं पत्र आणि ओळखपत्र घेऊन जा, आणि आधी विचारून वेळ ठरवा, कारण जुन्या वह्या लगेच हातात मिळत नाहीत. बहुतेक पत्रं इंग्रजीत आहेत, वळण तिरकं आणि शाई पुष्कळ ठिकाणी फिकी, त्यामुळे पहिले काही दिवस अक्षर लावण्यातच जातील. भिंग बरोबर न्या, फोटोची परवानगी लेखी घ्या.

मुंबईत बघण्यासारखं आणखीही आहे. टाऊन हॉलमध्ये, म्हणजे एशियाटिक सोसायटीच्या इमारतीत, त्यांचा पुतळा आहे. चित्रकार जॉर्ज चिनरी यांच्या नावावर असलेलं, शेजारी चिनी माणूस दाखवलेलं त्यांचं व्यक्तिचित्र प्रसिद्ध आहे. अफूच्या व्यापाराची खूण त्या चित्रात उघडपणे बसली आहे. कला महाविद्यालयाची आजची मुख्य इमारत १८७८ ची, जमशेटजींच्या मृत्यूनंतरची. आवारातला 'किपलिंग बंगला'ही लॉकवुड यांचा मुलगा, लेखक रुडयार्ड किपलिंग याच्या १८६५ मधल्या जन्मानंतर बांधलेला आहे, तेव्हा प्रबंधात तो जन्मस्थान म्हणून लिहू नका.

वह्यांतली १८३९ ते १८४२ मधली पत्रं आधी मागा. पेट्या नष्ट झाल्या, भरपाई लांबली आणि इकडे रुग्णालयाची बोलणी चालू होती, ती हीच वर्षं.